पन्हळीचा उतार

गजानन शिडीवर चढून पन्हळीतली घाण काढत होता आणि मी खाली उभी राहून त्याच्या हातांकडे पाहत होते. माणूस सरळ आहे. मूळचा यवतमाळकडचा, पंधरा वर्षं पुण्यात पन्हळी, पत्रे आणि पाइप हीच कामं करतो. आमच्या येरवड्याच्या घराची पन्हळ गेली तीन वर्षं तोच साफ करतो. तरी मी नजर हलवली नव्हती. कोपऱ्यातला गाळ हातानं काढतोय की खुरप्यानं नुसता पुढे ढकलतोय, घमेल्यात भरतोय की पलीकडच्या अंगाला टाकतोय, हे मला बघायचं होतं. दोनदा त्याला वरून फोटो काढून पाठवायला लावले. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो न रागावता म्हणाला की ताई, त्यापेक्षा वरच या.

माझी मुलगी म्हणते, आईनं पोलिसात भरती व्हायला हवं होतं. वाघोलीला आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. तिथे पन्हळ नाही, वळचण नाही, पागोळ्या नाहीत. पाऊस खिडकीच्या काचेवर येतो आणि कुठल्या पाइपातून कुठे जातो ते कुणालाच ठाऊक नसतं. पण तिथेही वरच्यांच्या एसीचं पाणी आमच्या गॅलरीत पडलं, की ते मुद्दाम पडतंय असंच मला आधी वाटतं. दुधाची पिशवी हातात घेऊन मी तिचं वजन अंदाजते. दार लावून लिफ्टपर्यंत जाते, परत येते, कडी ओढून बघते. हे सगळं कुठून आलं ते मला माहीत आहे. मी ते या घरात शिकले, या पन्हळीखाली.

गाळाचं पहिलं घमेलं गजाननानं खाली दिलं आणि तो वास आला. वर्षभर साचून काळा झालेला पाला, त्यात सडलेली फुलं, कौलांची धुवून आलेली तांबूस माती. चहाचा चोथा दोन दिवस भांड्यात राहिला तर असा वास येतो. दोन घरांच्या मधोमध बुचाचं उंच झाड आहे. दसऱ्याच्या सुमारास त्याची लांब दांड्यांची पांढरी फुलं रात्रभर पडत राहतात. त्यातली अंगणात पडलेली सगळ्यांना दिसतात. पन्हळीत पडलेली कुणाला दिसत नाहीत. ती मे महिन्यात अशी बाहेर येतात.

आमचं घर म्हणजे जोडघराचा अर्धा भाग. अशी दहा जोडघरं त्या छोट्या कॉलनीत होती, आता तीनच उरलीत. एकच छप्पर, मंगलोरी कौलांचं. मध्ये एक सामाईक भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे वझे. पुढच्या बाजूला दोन्ही घरांच्या लांबीची मिळून एकच जस्ती पत्र्याची पन्हळ. तिचं आमच्याकडचं टोक बंद होतं आणि वझ्यांकडच्या टोकाला खाली उतरणारा पाइप होता. आमच्या छपरावरचं पाणी वझ्यांच्या दारावरून वाहत जाऊन त्यांच्या पाइपातून खाली उतरायचं. ज्यानं घरं बांधली त्यानं एक पाइप वाचवला होता.

माझे वडील, अण्णा, वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होते. मंडईत, रेशनच्या दुकानांत, कोळशाच्या वखारीत जाऊन काटे तपासायचे. त्यांच्याकडे निळ्या मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनांची पेटी होती आणि तिला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती, कारण बोटाचा घामही वजनात मोजला जातो असं ते म्हणायचे. वझेकाका एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. म्हणजे सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिवसभर लोकांच्या चुका शोधून दमलेली दोन माणसं राहत होती. पण चुका शोधणाऱ्यांचं एकमेकांशी छान जमतं. संध्याकाळी दोघं आपापल्या पायरीवर बसून एकमेकांना दिवसभरातल्या चुका ऐकवायचे आणि हसायचे.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी पन्हळ साफ व्हायची. शिडी दोन्ही घरांची मिळून एकच होती, सागवानी, बारा पायऱ्यांची. ती वझ्यांच्या बोळात आडवी असे. अण्णा वर चढायचे, काका खाली शिडी धरायचे. अर्ध्यात दोघं जागा बदलायचे. वरून एकेक वस्तू खाली यायची आणि मी आणि काकांचा मिलिंद, माझ्याहून वर्षानं मोठा, त्यांची वाटणी करायचो. गोट्या, पतंगाची काडी, बॅडमिंटनचं पिसं झडलेलं फूल, चिमणीच्या घरट्यातला सुतळीचा गुंता, एकदा तर कुणाचा तरी चष्मा. कॉलनीत चष्मा हरवलेलं कुणी नव्हतं. तो आला कुठून यावर पुढचे चार दिवस गेले.

मग डांबर. एका डब्यात ते विटांच्या चुलीवर तापायचं. त्यात काथ्या बुडवून पत्र्याच्या सांध्यांत भरायचा. त्या वासानं डोकं जड व्हायचं आणि तरी आम्ही चुलीपासून हलत नसू. आई आणि वझेकाकू कैरीचं पन्हं करून आणायच्या. काकांच्या गंजीफ्रॉकवर दरवर्षी डांबराचा डाग पडायचा आणि काकू दरवर्षी म्हणायच्या, आता हा पुढच्या वर्षी पन्हळीलाच.

सगळ्यात शेवटी पाण्याची चाचणी. अण्णा आमच्या टोकाला शिडी लावून बादलीभर पाणी पन्हळीत ओतायचे. मिलिंद पलीकडे पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसायचा. पत्र्यातून पाणी जाताना आधी एक सळसळ, मग ठिकठिकाणी टणटण, मग काही क्षण काहीच नाही. त्या शांततेत मी श्वास धरून असायची. मग तिकडून मिलिंद ओरडायचा, "आलं." मला अजूनही वाटतं की आम्हा दोन घरांत जे काही होतं ते त्या एका शब्दाएवढं होतं.

मी नऊ वर्षांची होते त्या वर्षी पाणी उशिरा आलं. मिलिंद ओरडला, पण बऱ्याच वेळानं. अण्णांनी दुसरी बादली ओतली, ती आली. 

त्या पावसाळ्यात आमच्या बंद टोकावरून पाणी सांडू लागलं. नुसत्या पागोळ्या नव्हेत, जाड पडदाच. तो थेट आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर पडायचा. आतून ओल आली. आधी चुन्याला पोपडे धरले, मग हिरवट नकाशा उमटला, मग ज्या कपाटात अण्णांची वजनांची पेटी असे त्याची मागची फळी फुगली. अण्णा तीनदा वर चढले. गाळ होता, पण पन्हळ तुंबावी इतका नव्हता. वझ्यांच्या भिंतीला एक थेंब ओल नव्हती. ती कोरडी, पिवळी, स्वच्छ भिंत अण्णा पायरीवर उभे राहून बघायचे. तेव्हापासून त्यांनी संध्याकाळी पायरीवर बसणं सोडलं.

आई म्हणाली की पत्रा जुना झालाय. अण्णा म्हणाले की पत्रा दोन्हीकडे सारखाच जुना आहे. दिवसभर त्यांचा संबंध अशाच लोकांशी यायचा, जे काट्याच्या पारड्याखाली चिंच चिकटवतात. एकीकडे जड आणि दुसरीकडे हलकं असेल, तर मध्ये कुणाचा तरी हात असतो, हे त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. वझ्यांनी आपल्या बाजूला कापडाचा बोळा घालून पाणी अडवलंय, त्यांच्या अंगणात चिखल होऊ नये म्हणून. आम्ही बघायला चढतो तेव्हा ते तो काढून घेतात. असा अण्णांचा हिशेब होता. नजर ठेवायला माणूस हवा होता. शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी मी घरी असायची.

अण्णांनी मला शंभर पानी वही दिली. पुढच्या खोलीच्या खिडकीत बसायचं आणि दिसेल ते वेळ घालून लिहायचं. त्या वहीचा मला किती अभिमान होता ते सांगता येणार नाही. अण्णा फार बोलणारे नव्हते, आणि आता रोज संध्याकाळी, हातपाय धुऊन चहा घेताना, ते फक्त मला विचारायचे, "काही?" मी वाचून दाखवायची. दोन वाजून दहा मिनिटं, काकूंनी धुणं आत नेलं. तीन वाजता मांजर. साडेतीन, मिलिंद पायरीवर बसून पाढे म्हणतो. अण्णा ऐकायचे, मान हलवायचे आणि "बरं" म्हणायचे. रोजचं ते "बरं" आदल्या दिवसापेक्षा थोडं बारीक होत गेलं.

पाऊस थांबत नव्हता. बुचाचं खोड काळं झालं होतं. दुपारी तुरुंगाच्या घंटेचे टोले ओल्या हवेत जवळ आल्यासारखे वाटायचे. चादरींना, वहीला, माझ्या फ्रॉकला, सगळ्याला ओलीचा वास. खिडकीत बसून मी मिलिंदकडे पाहायची आणि तो हात करायचा तेव्हा हात करायची नाही, कारण पहाऱ्यावरच्या माणसानं हात करायचा नसतो. आठ दिवसांनी त्यानंही हात करणं सोडलं.

मग एक दिवस आला, ज्या दिवशी वहीत काहीच नव्हतं. मांजरसुद्धा नव्हतं. वझेकाकू वाईला माहेरी गेल्या होत्या, काकांच्या छापखान्याला सुट्टी होती, तरी वझ्यांचं दार दुपारभर बंद होतं. संध्याकाळी अण्णा चिंब भिजून आले. पेटी उघडून त्यांनी मखमलीवर बोट फिरवलं, तर बोटाला बुरशी लागली. ते चहाला बसले आणि त्यांनी मला काही विचारलंच नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी वही घेऊन दारात उभी होते.

मी म्हणाले, "काका आज शिडीवर चढले होते."

अण्णांनी कप खाली ठेवला. मला जवळ घेतलं. हातात काय होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, काहीतरी पांढरं. कुठे ठेवलं? पन्हळीत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच होता.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी आई माझ्या केसांना तेल लावत होती. तिनं मागूनच, माझा चेहरा न बघता विचारलं, "नक्की पाहिलंस ना गं?" मी हो म्हणाले. तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चढले आणि पन्हळीतून त्यांनी एक पांढरा गंजीफ्रॉक बाहेर काढला. पिळा पडलेला, गाळानं माखलेला. तो तिथे कसा आला ते मी आजवर ठरवू शकलेले नाही. कुणाच्याही दोरीवरून वाऱ्यानं उडाला असेल. कॉलनीतले सगळे पुरुष तसेच गंजीफ्रॉक घालायचे. पण माझ्या मनाची घडण अशी, की कधी कधी मला अण्णांचाच संशय येतो. शिडी चढताना त्यांच्या खिशात काही होतं का, हे मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करते. आठवत नाही. आठवलं तरी मी त्यावर विश्वास ठेवीन असं नाही.

तो गंजीफ्रॉक घेऊन ते वझ्यांच्या फाटकाशी गेले, मी त्यांच्या मागे. काका दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आले. अण्णा आवाज न चढवता बोलले, ऑफिसात बोलायचे तसे. समोरच्या दोन घरांतली माणसं दारात आली होती. काकांना आधी हसू आलं. मग त्यांनी विचारलं की असं कोण म्हणतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

काका फाटक उघडून माझ्यापुढे आले आणि वाकले. साबणाचा वास आला. "बाळ, तू मला पाहिलंस?"

मी हो म्हणाले.

 मला तेव्हा वाटलं होतं ते रागावतील, आणि मी रडेन, आणि मग सगळं संपेल. ते रागावले नाहीत. सरळ उभे राहिले, अण्णांना म्हणाले, "मग माझं काही म्हणणं नाही," आणि आत जाऊन त्यांनी उरलेली दाढी केली.

पुढे बोलणं बंद झालं. त्यानंतर पन्हळ अर्धी अर्धी साफ होऊ लागली. मधोमध अण्णांनी डांबरानं एक रेघ ओढली. त्यांचा रविवार वेगळा, आमचा वेगळा. दोघंही आपला गाळ रेघेपर्यंतच काढायचे, त्यामुळे रेघेपाशी वर्षानुवर्षं एक बांध साचत गेला आणि त्याच्यावर एकदा पिंपळाचं रोप उगवलं. ते कुणी काढायचं यावरून दोन पावसाळे गेले. सामाईक शिडी कुणीच मागितली नाही, कुणीच दिली नाही. ती बोळात पडून कुजली. आमच्या टोकाला आपला स्वतंत्र पाइप लावून टाकू, असं आई अनेकदा म्हणाली. अण्णा ऐकेनात. पाइप लावला म्हणजे वझ्यांनी बोळा घातला नव्हता असं कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भिंतीची ओल जपली, दुसरा कुणी पुरावा जपेल तशी. पितळी वजनांची पेटी त्यांनी बिछान्याखाली हलवली.

मी ती शंभर पानी वही पुढे बरेच दिवस लिहीत होते. आता कुणी विचारत नव्हतं, तरी.

अण्णा गेले, मग आई गेली. वझेकाका पाच वर्षांपूर्वी गेले. आमचं घर आता रिकामंच असतं. मी मे महिन्यात येऊन पन्हळ साफ करून घेते. पलीकडे काकू एकट्याच राहतात, ऐंशीच्या पुढे आहेत. काही वर्षांपासून आम्ही बोलतो, म्हणजे त्या मला कधी आलीस विचारतात आणि मी सकाळी आले म्हणून सांगते. यंदा जुना पत्रा इतका खाल्ला गेला होता की दोन्ही घरांची मिळून नवी प्लास्टिकची पन्हळ बसवायचं ठरलं. ठरलं म्हणजे गजाननानं परस्पर ठरवलं. अर्धी बदलता येत नाही, असं त्यानं आम्हा दोघींना वेगवेगळं सांगितलं.

काकू खुर्ची टाकून त्यांच्या पायरीवर बसल्या होत्या. त्याही गजाननाच्या हातांकडेच पाहत होत्या. आमची घाण त्यांच्याकडे ढकलली जात नाही ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. मध्येच त्या मला म्हणाल्या की तुझा माणूस बरा दिसतोय, पण तू त्याच्यावर अशी डोळे वटारून उभी राहिलीस तर शिडीवरून पडेल बिचारा.

जुना पत्रा उतरवायच्या आधी गजाननानं पाण्यानं भरलेली एक पारदर्शक नळी काढली. गवंडी लोक पातळी बघायला वापरतात तसली. एक टोक आमच्या कोपऱ्याला मला धरायला दिलं आणि दुसरं घेऊन तो वझ्यांच्या कोपऱ्याला गेला. नळीतलं पाणी हललं, स्थिर झालं. त्यानं दोन्हीकडे पेन्सिलीनं खूण केली, मापं घेतली, पुन्हा घेतली.

"ताई, हे तं उलटं हाय न," तो म्हणाला. "पाणी तिकडं जाऊनच नाही राहिलं. उतार तुमच्या अंगाला हाय, दोन बोटं."

मग त्यानं खाली उतरून आमच्या जोत्यापाशी बोटानं दाखवलं. इथली जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आमच्या कोपऱ्याचा पाया खचला होता. आजचं नाही, जुनं असणार, चाळीस-पन्नास वर्षांचं. खचल्यावर भरलेली चीर होती, तिच्यावरचे रंगाचे थरसुद्धा त्यानं नखानं मोजून दाखवले. उभ्या पुण्याचे काटे तपासणाऱ्या माझ्या वडिलांनी आपल्याच घराला कधी पाण्याची नळी लावली नव्हती. मीही नाही.

गजानन पाइप आणायला टेम्पोकडे गेला. काकू खुर्चीतून पुढे वाकल्या होत्या.

"म्हणजे पाणी आपोआपच तुमच्याकडे येत होतं?"

मी म्हणाले, "हो काकू."

त्या पेन्सिलीच्या खुणेकडे पाहत होत्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मग यांनी बोळा तरी कशाला घातला असेल?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, काकांनीच बोळा घातला असं काकूही इतकी वर्षं धरून होत्या. आमची दोन घरं तुटली एवढंच आजवर मी माझ्या नावावर धरत आले होते. भिंतीच्या पलीकडेही काही तुटलं असेल हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी विचारलं की काकांनी तुम्हाला काय सांगितलं होतं.

काकू म्हणाल्या की ते नाहीच म्हणत राहिले. त्या वाईहून परत आल्या त्या दिवशी म्हणाले, पुढे वर्षभर म्हणाले, मग म्हणायचे थांबले. "मी त्यांना म्हटलं, नऊ वर्षांच्या पोरीला खोटं बोलून काय मिळायचंय? तुम्ही कबूल करून टाका, मी शेजारी जाऊन माफी मागते. नाही केलं कबूल. शेवटची दोन वर्षं त्यांना काही आठवायचं नाही. माझं नाव विसरले. तेव्हा मलाच विचारायचे, अगं, मी चढलो होतो का? आणि मी काय सांगणार? मी इथे नव्हते. मी म्हणायची, असाल चढले, आता झोपा."

अंगणात बुचाच्या सावलीत गाळाची तीन घमेली होती. त्यांच्यावर माश्या बसत होत्या. कुठेतरी शेजारच्या नव्या इमारतीत फरशी कापायचं यंत्र चालू झालं आणि बंद झालं. माझ्या हातात नळीचं टोक तसंच होतं, त्यातून पाणी माझ्या चपलेवर सांडत होतं.

मी नळी खाली ठेवून त्यांच्या पायरीपाशी गेले आणि सांगितलं. मोठं काही सांगण्यासारखं नव्हतंच, दोन वाक्यांचं काम होतं. की मी काकांना पाहिलं नव्हतं. की त्या दुपारी मला कुणीच दिसलं नव्हतं, आणि अण्णांनी विचारलं नाही म्हणून मी बोलले.

काकू रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी पदरानं चष्मा पुसला, घातला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मघाशी मी गजाननाच्या हातांकडे पाहत होते. हे तरी खरं कशावरून, असं त्या तोलत असाव्यात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? मिलिंदला सांग."

मिलिंद बंगळूरला असतो. वर्षातून एकदा येतो, दोन दिवस राहतो. काकू एवढंच म्हणाल्या की त्याचं आणि त्याच्या वडिलांचं गूळपीठ होतं, रोज तासभर फोन चालायचा. आता फोन करतो तो औषधं संपली का विचारायला. त्यांनी कमरेचा फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन नंबर लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला. पळायला जागा नव्हती.

"हं, आई," तिकडून आवाज आला. गेल्या पंचेचाळीस वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. मी कोण ते सांगितलं. मग म्हणाले, "मिलिंद, तुझे बाबा त्या दिवशी शिडीवर चढले नव्हते. मी खोटं सांगितलं होतं."

कुठल्या दिवशी असं त्यानं विचारलं नाही. 

"मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाजात काहीच नव्हतं, जुना पत्ता सांगावा तसा. "आम्ही दोघं बंडगार्डनच्या पुलावर होतो. नदीला पाणी आलं होतं, बाबा मला दाखवायला घेऊन गेले होते. मी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, बापानं पढवलेला पोपट."

मी काकूंकडे पाहिलं नाही.  त्याला माझ्याकडून काही ऐकायचं असावं असं वाटलं नाही. टेम्पोपाशी गजानन नव्या पन्हळीचे पांढरे तुकडे एकेक करून खाली उतरवत होता.

काकूंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ नेला. मी तिथून बाजूला व्हायला हवं होतं, पण तिथेच उभी राहिले.

"मिलिंद," त्या म्हणाल्या, "जेवलास का?"

 तो म्हणाला, "नाही अजून."

"मग जेव. मी थांबते."

त्यांनी फोन ठेवला नाही. तिकडे खुर्ची सरकल्याचा, ताट ठेवल्याचा आवाज आला, आणि ऐंशी ओलांडलेली ती बाई भर दुपारी पायरीवर बसून, फोन तसाच हातात धरून, तो जेवत असल्याचं ऐकत राहिली.